दिसेल त्या झाकणात पळीभर

बिंदुमाधवशास्त्र्यांना मेकॅनिक या जातीचा भयंकर तिटकारा होता. त्याहून जास्त तिटकारा फक्त डॉक्टरांचा. "गाडीखाली उताणं पडून जो पाना फिरवतो, त्याला गाडी काय डोंबल कळणार?" असं ते म्हणत. यात नेमकं काय सांगितलं ते कुणालाच कळत नसे, पण शास्त्रीबुवा ते अशा काही थाटात म्हणत की समोरच्याची मान आपोआप डोलायची. कालिंदीबाईंची सोडून. त्या त्यांच्या पत्नी, आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं डोलवून डोलवून त्यांची मान केव्हाच थकली होती.

बनारसला शिंदे घाटामागच्या गल्लीत शास्त्रीबुवांचं घर. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू वरच्या मजल्यावर उतरायचे, खाली जेवायचे, आणि शास्त्रीबुवा त्यांची श्राद्धं, संकल्प, अभिषेक जे काय असेल ते करून द्यायचे. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. माणसाची स्मरणशक्ती अचाट. एकदा घरी येऊन गेलेल्या यजमानाचं नाव, गाव आणि गोत्र ते मरेपर्यंत विसरत नसत. बारा वर्षांनी एखादा दारात उभा राहिला की हे जिन्यावरूनच ओरडणार, "या जोगळेकर, शांडिल्य! वडील कसे आहेत?" तो बिचारा जागच्या जागी विरघळायचा. या एका करामतीवर शास्त्रीबुवांनी सगळं आयुष्य काढलं आणि त्यातूनच त्यांचा असा ग्रह झाला की आपल्याला सगळंच येतं.

पन्नाशी उलटल्यावर इंदूरच्या एका यजमानाने त्यांना आपली जुनी पांढरी गाडी देऊन टाकली. विद्यापीठाच्या रिकाम्या रस्त्यांवर पुतण्याने आठवडाभर शिकवलं, आणि आठव्या दिवसापासून बनारसमधले बाकीचे सगळे ड्रायव्हर गाढव झाले. ऑटोवाला गाढव, ई-रिक्षावाला महागाढव, आणि वाटेत येणारा सांड तेवढा समजूतदार, कारण तो कुणाला शिकवायला जात नाही. गल्लीत गाडी शिरण्याचा प्रश्नच नव्हता. ती बेनियाबागेच्या पार्किंगमध्ये उभी असायची, आणि शास्त्रीबुवा रोज तिथे जाऊन तिला डोळे भरून बघून यायचे. बायकोकडे कधी तसं बघितलं असेल तर शपथ!

पुढे त्यांनी वाहनपूजेचा स्वतःचा असा एक विधी काढला. हार, लिंबू, नारळ तर सगळेच करतात. शास्त्रीबुवा बॉनेट उघडायला लावायचे आणि आत दिसेल त्या झाकणात पळीभर गंगाजळ सोडायचे. काच धुवायच्या पाण्यात पळीभर, रेडिएटरच्या डबीत पळीभर, आणि त्या पलीकडे पिवळं झाकण असलेली एक छोटी पांढरी डबी असते, तिच्यातही पळीभर. इंजिनाच्या तेलाचं झाकण तेवढं ते सोडून द्यायचे, कारण सुरुवातीच्या काळात एका यजमानाची गाडी पूजेनंतर धूर ओकायला लागली होती आणि तो घरी भांडायला आला होता. तेवढी एक अक्कल आली. उरलेल्या झाकणांबद्दल कुणी भांडायला आलं नाही, म्हणजे ती बरोबर होती. दसऱ्याला तर रांग लागायची. बँकेतले, रेल्वेतले, विद्यापीठातले झाडून सगळे मराठी लोक गाड्या घेऊन यायचे. शेजारच्या गल्लीतली तेजश्री शाळेच्या पोरांची ने-आण करते, तिची व्हॅनही त्यातच. "आतून पवित्र व्हायला हवं," शास्त्रीबुवा सांगायचे. "बाहेरून हार काय, रिक्षावालेपण घालतात."

त्या पिवळ्या झाकणाच्या डबीत ब्रेकचं तेल असतं, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. विचारायचं कुणाला? मेकॅनिकला?

त्यांची मुलगी ईशानी लखनऊला असायची, एका विमा कंपनीत. अपघात झालेल्या गाड्या जाऊन तपासायच्या आणि काय मोडलं, का मोडलं ते लिहायचं, हे तिचं काम. शास्त्रीबुवा लोकांना सांगायचे, "आमची मुलगी भंगार बघते." तिला बाळ झालं, विश्वेश. त्याचं जावळ विंध्याचलला काढायचं ठरलं आणि ईशानी आणि जावई यज्ञेशराव नवी कोरी गाडी घेऊन बनारसला आले. यज्ञेशराव कंप्यूटरवाले. स्वभावाने गरीब आणि सासऱ्यांपुढे सदैव अर्धे वाकलेले, म्हणून शास्त्रीबुवांना ते चालायचे.

शास्त्रीबुवांची एकच इच्छा होती. नातवाला विंध्याचलला आपण न्यायचं, आपल्या गाडीतून, स्वतः चालवत. गेले दोन महिने ते घाटावर येईल-जाईल त्याला हेच सांगत होते. घाटावरचे नावाडीसुद्धा कंटाळले होते.

आल्या संध्याकाळीच त्यांनी ईशानीला आणि बाळाला दुर्गाकुंडाला दर्शनाला नेलं. गाडी दोनदा थांबली, तिसऱ्यांदा थांबताना ईशानीने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

"बाबा, हा आवाज कधीपासून येतोय?"

"कुठला?"

"ब्रेक दाबला की चिर्र होतंय तो. आणि आता तर खरखरतंयसुद्धा. पॅड संपलेत, लोखंडावर लोखंड घासतंय."

"अगं, तो आवाज चांगला असतो," शास्त्रीबुवा म्हणाले. "लोक आपसूक बाजूला होतात. हॉर्न वाजवावा लागत नाही."

"गाडी डावीकडे ओढतेय."

"रस्ताच डावीकडे उतरता आहे."

"तुमचा पाय किती खाली जातोय बघा! पेडल अर्ध्यावर धरायला हवं. आणि समोर ती श्रींची चिकटपट्टी कशाला लावलीत?"

तर झालं होतं असं, की सहाएक महिन्यांपूर्वी तिथे एक लाल दिवा लागला तो विझेचना. शास्त्रीबुवांनी त्यावर 'श्री' लिहिलेली चिकटपट्टी डकवली. मग दिसेनासा झाला. याला ते दुरुस्ती म्हणायचे.

"ईशू," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "तू मोडक्या गाड्या बघतेस ना, म्हणून तुला सगळीकडे मोडकंच दिसतं."

घरी आल्यावर ईशानीने चप्पलही काढली नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, "माझं बाळ या गाडीत बसणार नाही. आम्ही आमच्या गाडीने जाऊ. तुम्ही आणि आईपण त्यातच या. और बस, इस पर कोई बात नहीं." राग आला की ती हिंदीत शिरायची, लहानपणापासून.

शास्त्रीबुवांचा चेहरा असा झाला की जणू कुणी भर पंगतीत त्यांच्या पानातली पुरणपोळी उचलून नेली. आतून फार लागलं त्यांना. पण लागलं असं म्हणतील तर ते शास्त्रीबुवा कसले! "तुमची गाडी तुम्हाला लखलाभ," ते म्हणाले. "मी माझी घेऊन मागून येईन."

"मग मी यांच्याबरोबर बसते," कालिंदीबाई आतून म्हणाल्या. "एकटे सोडले तर नदीत घालतील."

सकाळी ईशानी बाळाला आंघोळ घालत असताना शास्त्रीबुवा जावयाला घेऊन पार्किंगमध्ये गेले. राग होता, पण नातवाची गाडी होती. पूजा तर करायलाच हवी. यज्ञेशरावांनी बॉनेट उघडलं आणि हात जोडून उभे राहिले. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हणत पळी चालवली, आणि त्या पिवळ्या झाकणाच्या डबीपाशी त्यांचा हात जरा जास्तच मोकळा सुटला. एक पळी, दुसरी पळी, अगदी डबी काठापर्यंत येईस्तोवर. नातवासाठी कसला हात आखडता घ्यायचा? मग त्यांनी आपल्या गाडीतही तोच कार्यक्रम केला. त्यांच्या गाडीतली डबी हल्ली महिन्या-दोन महिन्याला खाली जायची आणि ते दर वेळी गंगाजळाने भरायचे. गाडीला गंगेची तहान लागते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता.

विंध्याचलला जावळ झालं. बाळाने सगळं देऊळ डोक्यावर घेतलं. तिथून कालीखोहच्या देवीला, आणि मग डोंगरावर अष्टभुजेला. दर्शन झाल्यावर बाळ आईच्या मांडीवर झोपलं, तर ईशानी म्हणाली, थोडं थांबू, मग उतरू. तेव्हा शास्त्रीबुवांनी पुन्हा एकदा प्रयत्न करून बघितला. इतके लहान होऊन ते आयुष्यात कुणाशी बोलले नसतील.

"खाली जाईपर्यंत तरी दे की माझ्याकडे. दहा मिनिटांचा रस्ता आहे. तुझ्या आईच्या मांडीवर बसवू."

"नाही, बाबा."

देवळातला पंडा बघत होता, चहावाला बघत होता. शास्त्रीबुवांनी उपरणं झटकलं, "चल गं," असं कालिंदीबाईंना म्हणाले आणि तरातरा गाडीकडे निघाले.

उताराला लागल्यावर त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. उतारावर गाडी आपसूक जाते, मग इंजिनाला कशाला राबवायचं, हा त्यांचा सिद्धांत. पाय ब्रेकवर ठेवला आणि तोंड ईशानीवर सोडलं. "भंगार बघणारी पोर मला शिकवते. माझ्या गाडीत काय खोट आहे? सांग ना, काय खोट आहे?"

"जळका वास येतोय," कालिंदीबाई म्हणाल्या.

"खाली कुणीतरी पाला जाळत असेल. पहिल्यापासून डोकं फिरलेलं तिचं. बापाचा शब्द म्हणजे..."

"अहो, गाडी जोरात चाललीय."

शास्त्रीबुवांनी पाय दाबला. पाय लोण्यात घुसावा तसा खाली गेला आणि तळाला टेकला. गाडीने काही ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. समोर वळण होतं, वळणापलीकडे नुसतं आभाळ. शास्त्रीबुवांच्या तोंडून मंत्र नाही आला, देव नाही आला. "आईऽ!" आलं.

कालिंदीबाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी मागून घसरली, आडवी झाली, आणि रस्तादुरुस्तीसाठी टाकलेल्या गिट्टीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली. एक दिवा फुटला. श्रींची चिकटपट्टी सुटून शास्त्रीबुवांच्या मांडीवर पडली आणि समोर तो लाल दिवा टक्क लागलेला दिसला.

 मग शास्त्रीबुवा म्हणाले, "कशी वळवली बघितलंस?"

कालिंदीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की घाटावरचं ओलं कुत्रंही शेपूट घालून निघून गेलं असतं. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला.

"ईशू, आम्ही धड आहोत. तुझ्या बाबांचे ब्रेक गेले. ढिगात घुसलोय." आणि फोन मोठ्याने ऐकू येईल असा करून मध्ये धरला.

"पेडल कडक झालं होतं की खाली गेलं?" ईशानीने विचारलं.

"थेट खाली," कालिंदीबाई म्हणाल्या.

"म्हणजे तेल गळून गेलं असणार. मी काल सांगत होते..."

"गळलं नाही!" शास्त्रीबुवा उसळले. "डबी काठोकाठ आहे. सकाळीच मी माझ्या हाताने भरली."

"कुठलं तेल भरलंत?"

"तेल कशाला? गंगाजळ."

 मग ईशानी बोलायला लागली, इतकी हळू की दोघांनाही फोनवर वाकावं लागलं. "बाबा, त्या तेलात पाणी गेलं ना, तर ब्रेक तापल्यावर त्या पाण्याची वाफ होते. तुम्ही पाय दाबता तेव्हा तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. चाक धरतच नाही. उतारावर तर हमखास. अशा गाड्या मी बघितल्यात. आतली माणसं नाही बघितली, तोपर्यंत नेलेली असतात. आईला गाडीतून उतरवा. तिथेच थांबा. आम्ही गाडी घेऊन खाली येतोय." आणि फोन बंद झाला.

दोघं गाडीतून उतरले, आणि शास्त्रीबुवा ढिगाकडे बघत उभे राहिले. आम्ही गाडी घेऊन खाली येतोय. सकाळची पळी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. एक पळी, दुसरी पळी, काठापर्यंत. 

ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. एक ते स्वतः, आणि दुसरे हात जोडून उभे असलेले यज्ञेशराव, ज्यांना कशाचाही अर्थ कळला नव्हता.

त्यांनी ईशानीला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. कशाला उचलेल? मग यज्ञेशरावांना लावला. सासऱ्यांचा फोन यज्ञेशराव न्हाणीघरातूनही उचलत.

"हां बाबा, बसलोच गाडीत. बाळाला घेऊन ईशानी मागे बसलीय."

"गाडी सुरू करू नका."

"का हो?"

आता बघा. बाळ गाडीत बसलंय, जावई चावीला हात लावून विचारतोय, आणि या माणसाला अजून आपली अब्रू वाचवायची आहे! खोटं त्यांच्या जिभेवर तयारच होतं. आयुष्यभर ज्याच्या जोरावर लोकांना उठवलं-बसवलं, तेच. "राहुकाळ लागलाय," ते म्हणाले. "थोडं थांबा."

"बरं बाबा," यज्ञेशराव म्हणाले. आणि लगेच मागून ईशानीचं हसणं आलं. अगदी कोरडं, कडू हसणं. "राहुकाळ! आईला डोंगरावर आपटलं आणि आता राहुकाळ. यज्ञेश, फोन ठेव. चल, गाडी काढ." इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

"यज्ञेश!" शास्त्रीबुवा किंचाळले. 'राव' कुठल्या कुठे गेलं. "मी पाणी घातलंय! तुमच्याही गाडीत, सकाळी, काठापर्यंत! मी घातलं! बाळाला उतरवा रे, बाळाला उतरवा!"

इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा आवाज आला, बाळ रडायला लागलं, आणि तो रडण्याचा आवाज गाडीपासून लांब लांब जात राहिला. शास्त्रीबुवा खाली बसले, गिट्टीवरच. कालिंदीबाई त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. काल रात्रीपासून तोंडाशी आणून ठेवलेली सगळी वाक्यं त्यांनी गिळून टाकली, त्यातलं एकही आता पुरेसं नव्हतं.

मुलगी, जावई आणि नातू रोपवेने खाली आले आणि ऑटो करून ढिगापाशी पोचले. शास्त्रीबुवा उठून उभे राहिले. नातवाकडे हात करायची त्यांची हिंमत झाली नाही. ईशानीने बाळाला आईकडे दिलं आणि बापासमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते. शिव्या येणार म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"बाबा," तिने विचारलं, "आणखी कुणाकुणाच्या गाडीत घातलंत?"

शास्त्रीबुवांनी मान वर केली. हा प्रश्न त्यांना अजून पडलाच नव्हता. तिने पर्समधून पेन काढलं आणि जावळाच्या सामानाच्या कागदी पिशवीवर टेकवलं.

मग ते सांगायला लागले. जिन्यावरून ओरडायचे तशा आवाजात नाही, पुटपुटत. रेल्वेतले उल्हास गोखले, काश्यप. बँकेतल्या गीता मुळे, भारद्वाज. त्यांच्या मुलाचीपण, संक्रांतीला. विद्यापीठातले पित्रे. गोत्र सांगायची काही गरज नव्हती, पण नावाबरोबर ते येतच होतं आणि त्यांना थांबवता येत नव्हतं. एक नाव चुकलं नाही. यज्ञेशराव एकेकाला फोन लावत होते आणि ईशानी तेच तेच बोलत होती: गाडी काढू नका, ब्रेकचं तेल बदलून घ्या, हो, शास्त्रीबुवांनीच, हो, पाणी.

मध्येच ते थांबले. 

"काय झालं?" कालिंदीबाई म्हणाल्या.

"तेजश्री," ते म्हणाले. "तिची व्हॅन. दर दसऱ्याला."

नंबर त्यांना पाठ होता. त्यांनी स्वतःच लावला. तेजश्रीने लगेच उचलला, आणि मागे पोरांचा असा कालवा होता की तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "नमस्कार काका! शाळा आत्ताच सुटली, सगळी पोरं बसलीयत, निघतेच आहे. पोचल्यावर करू का फोन?"

"निघू नकोस," शास्त्रीबुवा म्हणाले. "पोरांना खाली उतरव. चूक माझी आहे. आणि हे बघ तेजश्री, मी सांगतो तसं काही करू नकोस. ईशानी सांगते तसं कर."

आणि त्यांनी फोन मुलीच्या हातात दिला.